नदीचा वाटा

पावसाळ्यातल्या पुराची आम्हाला कधी भीती वाटली नाही. तेव्हा नदी तिच्या जागी असे आणि आम्ही आमच्या जागी. भीती असायची ती हिवाळ्यातल्या पावसाची, कारण दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव नदीच्या पात्रात उतरायचं.

वलगावच्या खाली, पूर्णेच्या काठावर आमचं गाव. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा आणि कापसाचा भाव मुंबईहून यायचा. आमच्यासारख्या भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्यांना दोन्हींशी फारसं देणंघेणं नव्हतं. काळी जमीन मोठ्या शेतकऱ्यांची. आमच्याकडे गावाजवळचा मळ्याचा एक तुकडा, आणि हिवाळ्यात उघडी पडणारी नदीची रेती. त्या रेतीत हातभर खोल खड्डे करायचे, शेणखत भरायचं आणि टरबुजाचं, डांगराचं बी टोबायचं. पुण्याकडचे लोक ज्याला खरबूज म्हणतात तेच आमचं डांगर. नाव बदललं म्हणून गोडी कमी होत नाही. वेलांना गार वारा लागू नये म्हणून तुराट्यांचे कुड उभे करायचे, राखणीला झोपडी घालायची. शिमग्याच्या सुमाराला पहिलं फळ हाती येई.

रेती वाटून घ्यायची एक रीत होती. पाणी ओसरून एका काठाला सरकलं की वाडीवाले, म्हणजे रेतीत वेलांची वाडी करणारे, दोर घेऊन पात्रात उतरत आणि पट्टे पाडत. घरटी एक पट्टा. मधला एक पट्टा मात्र कुणालाच मिळत नसे. तिथं रेती जरा खोलगट होती. अवेळी पाणी आलंच तर ते आधी तिथून धावणार, म्हणून ती जागा मोकळी ठेवायची. त्यात काडीसुद्धा रोवायची नाही. त्याला सगळे नदीचा वाटा म्हणत. नवी सून म्हणून मला हे पहिल्याच वर्षी सांगितलं गेलं, आणि मला त्याचं हसू आलं होतं. नदीतच बसून नदीला वाटा देणारे आम्ही कोण, असं मनात आलं. बोलले नाही. तेव्हा बोलत नसे. पुढं ती कसर भरून काढली.

माझी नणंद माझ्याहून वयानं मोठी, तिवशाकडे दिलेली. तिचा नवरा तापानं गेला आणि ती लहानग्या मुलीला घेऊन आमच्याकडे परत आली. तिचा पाट लावावा, दुसरं घर करून द्यावं असं चार जण सुचवत. पण पाट लावायचा तर पोर पहिल्या सासरी ठेवावी लागणार, म्हणून तो विषय निघाला की ती उठून गोठ्यात जायची. तिच्या दिरानं मात्र निरोप धाडून ठेवला होता. भावाच्या चुलीवर किती दिवस काढणार? शिमग्याला येतो. तोवर पोरीला पोसायची तुमची स्वतःची सोय झाली नसली, तर आमची पोर आम्ही घेऊन जातो. माणूस अगदी वाईट होता असं नाही. पण पोर आता गुरांमागं जाण्याइतकी मोठी झाली होती, आणि हे त्याच्या बरोबर लक्षात आलं होतं.

आमचं दोघींचं पटायचं का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. एका चुलीपुढं दोन बायकांचं पटतं तेवढं पटायचं. तिची भाजी तिखट आणि माझं तोंड तिखट, त्यामुळं जेवणारांचे हाल. पण ती पोरीला मांडीवर घेऊन जेवू घालायची तेव्हा पदराखाली तिचा हात पोरीच्या पोटावर असायचा, पोट भरलं का ते चाचपायला. ते मी रोज बघत होते. मला ती हवीहवीशी वाटत होती असं नाही म्हणत. पण ती पोर तिच्यापासून तुटू नये, असं मला मनापासून वाटत होतं.

त्या वर्षी तिनं वाडीवाल्यांकडं स्वतःच्या नावाचा पट्टा मागितला. पंचाईत झाली. एक घर वाढलं म्हणजे दोर पुन्हा टाकायचा, प्रत्येकाचा पट्टा थोडा थोडा अरुंद करायचा. सगळे आपापल्या पायाचे अंगठे बघू लागले. तेवढ्यात आमच्या मालकांना, तिच्या भावालाच, सुचलं: नदीचा वाटा देऊ या की! कितीतरी वर्षांत हिवाळ्यात पाऊस झाला नव्हता. जागा आपली रिकामीच पडलेली. सगळ्यांचे चेहरे उजळले. कुणाची वीतभर रेती जाणार नाही आणि विधवा बाईला मदत केल्याचं पुण्य पदरात पडणार. असं फुकटचं पुण्य कोण सोडतो? एकानं तिला खत देऊ केलं, दुसऱ्यानं तुराट्या. खोलगट भागाच्या तोंडाशी रेतीची आणि काट्यांची एक पाळही घालून दिली, तिच्या वाडीत झिरपा येऊ नये म्हणून. आम्ही सगळे स्वतःवर इतके खूश होतो की विचारू नका.

खोलगट जागेत गाळ साचलेला होता आणि ओल टिकून होती. तिचे वेल सगळ्यांच्या आधी पसरले. पौष सरता सरता तिच्या वाडीत सुपारीएवढी फळं दिसू लागली तेव्हा आमचे वेल अजून फुलांवरच होते. ती पहाटेपासून रेतीत असायची. पोरीला फळं दाखवून सांगायची, हे तुझं, हे माझं, हे मामीचं. मला लहानातलं लहान दाखवायची.

माघ लागला आणि थंडी अचानक पळाली. दुपारी अंगाला चिकचिक येऊ लागली. उत्तरेला डोंगराच्या अंगाला आभाळ दाटलेलं दिसे, पण आमच्या डोक्यावर ऊन असे, म्हणून आम्ही निवांत. मग एका सकाळी बागवान चाचा आले. अमरावतीच्या बाजारात आमची फळं तेच न्यायचे. फळाला अजून वेळ होता, तरी गाडी घेऊन मुद्दाम वाट वाकडी करून आले होते. ओसरीपाशी उभे राहूनच म्हणाले, "बेटी, पहाड पे बिल्कुल अंधेरा है. चिखलदऱ्याच्या अंगानं बम पानी पडून राहिलं, गारा बी हायत. तुह्या मालकाले सांग, रेतीतलं सामान वर घ्या." पाणी घ्यायलाही थांबले नाहीत. त्यांना पुढच्या गावांना सांगायचं होतं.

थोड्याच वेळात पाटलाच्या कोतवालानं दवंडी दिली आणि गावात धांदल उडाली. हिवाळ्यातल्या पावसाची तयारी पावसाळ्यासारखी नसते. पावसाळ्याआधी घर रिकामं असतं, हिवाळ्यात ते भरलेलं असतं. अंगणात ज्वारीची कणसं, छपरावर मिरच्या, कोपऱ्यात कापूस. आम्ही कापूस भिंतीपासून ओढून मधे आणला, कारण मातीची भिंत ओल खाते आणि कापूस ती ओल पितो. ज्वारीच्या कणग्या दगडांवर चढवल्या. धाब्याच्या सपाट छपरावर खारी पांढरी माती पसरून मालकांनी ती थापीनं धोपटली. गोवऱ्या आत घेतल्या, म्हणजे आम्हाला झोपायला जागा उरली नाही. सगळ्यात आधी पाणी भरलं. आमच्या विहिरीचं पाणी खारट. प्यायचं पाणी रेतीतल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं काढायचं, आणि पूर आला की झिरा बुजून जातो. घरात होती नव्हती ती सगळी भांडी भरली, अगदी पिठाचा डबासुद्धा. माझं तोंड चालूच होतं. मला भीती वाटली की मी ओरडते.

नणंद मात्र घरात नव्हती. ती आपल्या वाडीत कुड घट्ट बांधत बसली होती.

दुपारी सगळे वाडीवाले काठावरच्या बाभळीखाली जमले. बायका जरा अलीकडे. समोर पात्रात सगळ्यांच्या वाड्या, आणि बरोबर मधे नणंदेची, हिरवीगार, कुडांनी आणि काट्यांनी भरलेली. पाणी आलं तर ते त्या कुडांना अडणार, फुगणार आणि दोन्ही बाजूंना पसरणार. हे सगळ्यांना दिसत होतं. तिच्या वाडीचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं. तिच्या शेजारचा पट्टा एका म्हाताऱ्याचा होता, गावातला सगळ्यात तोंडाळ माणूस. तोसुद्धा आभाळाकडं बघत म्हणाला, "पान्याले वाट करून द्या लागते." दुसरा म्हणाला, "मधातून गेलं तं बाकीच्या वाड्या वाचतीन." आमचे मालक खाली बघून रेतीवर रेघा ओढत होते. तो वाटा तिला द्यायची कल्पना त्यांचीच. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

नणंद रेतीतून वर आली. हाताला तुराट्यांचे ओरखडे होते. पदर सावरून ती पुरुषांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"माह्या वाडीतून, असं म्हना ना. मूग गिळून काऊन बसले सारे?"

ती आपल्या भावाकडं वळली. "भाऊ, तू तरी बोल."

मालकांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून ती थोडी निवली.

"आयका मंग," ती सगळ्यांना म्हणाली. "वेल मी उपटतो, माह्या हातानं. पाळ बी मीच फोडतो. पन माही वाडी गेली तं माहा वाटा तुमच्या साऱ्यायच्या वाड्यातून निघन. एकेका वाडीत एक ओळ माही. पानी आलं तरी, नाई आलं तरी. शिमग्याले माह्या पोरीले न्याले येनार हाये, हे तुमाले मालूम हाये. कबूल असन तं आताच सांगा."

"कबूल, बाई, कबूल!" सगळे एका आवाजात म्हणाले. उत्तरेचं आभाळ तेव्हा गावावर येऊन पोचलं होतं. काळ्या ढगाखाली माणूस फार उदार होतो, हे मी तेव्हा पाहिलं.

मग ती खाली उतरली. आम्ही बायकाही उतरलो. वेल उपटताना रेती सहज सोडते, जोर लावावा लागत नाही, आणि त्यानंच मला जास्त वाईट वाटलं. ती एकेक वेल उचलून, गुंडाळून काठाकडं टाकत होती, ओल्या लुगड्याचा पिळा टाकावा तसा. रडली नाही. सुपारीएवढी फळं पायाखाली येत होती. पोर ती वेचून ओच्यात भरायला लागली, हे तुझं, हे माझं करत. तेव्हा मी पोरीला उचलून घरी घेऊन आले. मला ते बघवेना. कुड निघाले, झोपडी निघाली, पाळ फुटली. दिवस मावळायच्या आत नदीचा वाटा पुन्हा नदीला मिळाला.

रात्रभर वारा सुटला होता. पावसाचे चार थेंब पडले, धाब्यावरची माती भिजली. गारा पुढच्या कुठल्या तरी गावांना लागल्या. सकाळी नदीला गढूळ पाणी आलं. गुडघाभर असेल. ते सरळ मधल्या खोलगट वाटेनं गेलं आणि दुपारपर्यंत ओसरलंही. कुणाच्या वाडीचं पान भिजलं नाही.

हे आमचं नशीब की दुर्दैव, मला आजही ठरवता येत नाही. पूर मोठा आला असता तर नणंदेचे उपकार गावानं जन्मभर मानले असते. पण पाणी आलं तेवढंसं, आणि वाट मोकळी होती म्हणून निमूट निघून गेलं. तयारी पुरेशी झाली की ती फुकट गेली असंच वाटतं. ऊन पडल्यावर लोक पात्रात फिरू लागले, आपापले हिरवे वेल बघू लागले, आणि बोलणं सुरू झालं. "एवढ्याशा पान्यानं काय होत होतं?" कुणीतरी म्हणालं, "बाईनंच घाई केली." मी ते माझ्या कानांनी ऐकलं. ज्यांनी काल कबूल कबूल केलं होतं त्यांतलाच तो आवाज होता. घरी येऊन मी मालकांवर इतकं तोंडसुख घेतलं की त्यांनी दुपारी जेवण केलं नाही.

नणंद शांत होती. तिनं आपलं पेटीतलं लाल लुगडं काढलं, नवरा असतानाचं. आता ते ती नेसणार नव्हतीच.

"वयनी, टोक धर," ती म्हणाली.

मी टोक धरलं आणि तिनं ते टर्रकन फाडलं. लांब लांब चिंध्या केल्या. मग ती रेतीत उतरली आणि सगळ्यांच्या देखत पहिल्यांदा आमच्या वाडीत शिरली. भावाच्या. आमच्या वाडीतली जी सगळ्यात चांगली, फुलांनी लगडलेली ओळ होती, तिच्या दोन्ही टोकांना काड्या रोवून तिनं चिंध्या बांधल्या. खोटं कशाला बोलू? त्या ओळीवर माझं मन होतं. पण तिचा डाव माझ्या लक्षात आला. सख्ख्या भावाची उत्तम ओळ घेतल्यावर दुसरा कोण कडेची देऊ करणार? मी मोठ्यानं म्हणाले, साऱ्या पात्राला ऐकू जाईल असं, "बाई, हेच ओळ घ्या. कालच कबूल केलं हाये आमी."

तिथून ती शेजारच्या म्हाताऱ्याच्या वाडीत गेली. तो कुरकुरला. "मधातली काऊन? कडेची घे ना."

"मामा, पानी बी मधातूनच गेलं ना?" ती म्हणाली आणि काडी रोवली.

म्हातारा काही तरी पुटपुटत राहिला, पण काडी उपटली नाही. मग बाकीच्यांनाही काखा वर करता येईना. संध्याकाळी काठावरून बघितलं तर साऱ्या पात्रात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल चिंध्या फडफडत होत्या.

पुढचे दिवस तिच्यासाठी सोपे नव्हते. आधी तिची वाडी एका जागी होती. आता ती दिवसभर एका वाडीतून दुसऱ्या वाडीत घागर घेऊन फिरायची. लोकांना तिच्या येण्याजाण्याचा त्रास व्हायचा. आमच्या वेलांवर पाय पडतो, आमचं खत सरकतं. ती कुणाचं ऐकून घेत नसे. कुणी तिच्या ओळीला पाणी कमी घातलं की त्याची धडगत नव्हती. म्हाताऱ्याशी तर रोजचं भांडण. पण भांडता भांडता एक झालं: तिची ओळ प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं राहिली. ती सुकली तर साऱ्या गावाला लाल चिंधीखाली दिसणार, म्हणून लोक तिला जास्तच जपू लागले. चाचा फळं बघायला आले तेव्हा त्यांनी तिच्या ओळीतली फळं बोटानं टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, "ये बाई का माल अलग जाएगा, मेरी गाडी में." तिचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून दिसतं.

शिमग्याला तिचा दीर आला. धोतर नेसून, डोक्याला पागोटं, पोरीसाठी साखरेच्या गाठ्या घेऊन. आम्ही त्याचा मान ठेवला, जेवू घातलं. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "वयनी, वाडी केली म्हन्ता. पाहू तरी कोनती ते."

नणंदेनं त्याला काठावर नेलं. मागून आम्ही. पोर माझ्या बोटाला. नणंदेनं हात लांब करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. "जथी लाल चिंधी, तथी माही ओळ."

दिरानं एकेक चिंधी बघून घेतली. मग हळूच म्हणाला, आणि त्याचा आवाज काही उर्मट नव्हता, "हे तं लोकाईचं हाये, वयनी. दानावर कितीक दिवस निघतीन? पोर आमच्याइथं खाऊनपिऊन राहीन."

एवढी बोलकी बाई, पण ती नुसती चिंध्यांकडं बघत राहिली. तिला स्वतःलाही कुठं तरी तीच धास्ती असावी. माझ्या हातातलं पोरीचं बोट मी घट्ट धरलं.

खाली रेतीत तो तोंडाळ म्हातारा वाकून पाणी घालत होता. तो सरळ झाला आणि खालूनच ओरडला, "कोनाचं दान रे बावा? हे ओळ तिची हाये! माह्या वेलायले मंग पानी, तिच्या वेलायले पयले. नाई घातलं तं हे बाई मले जगू देते काय? तिनं आपली वाडी मोडली म्हनून आमच्या उभ्या हायत. तुले घरी कामाले पोट्टी पाह्यजे असन तं तसं सांग ना लेका!"

त्याच्या पलीकडच्या वाडीतून कुणीतरी "बराबर हाये" म्हणालं. मग आणखी कुणी. हेच लोक माघात म्हणाले होते, बाईनंच घाई केली. मी त्यांना मनातून पुष्कळ शिव्या दिल्या होत्या. त्या सगळ्या त्या क्षणी परत घेतल्या.

दीर लाजला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, गाठ्यांची माळ तिच्या गळ्यात घातली आणि "येतो वयनी" म्हणून एकटाच रस्त्याला लागला.

तो बाभळीखालून गेला तशी नणंद काठ उतरून रेतीत जाऊन बसली आणि रडायला लागली. वेल उपटताना न रडलेली बाई, तोंडाला पदर लावून हुंदके देत होती. मी तिला रडू दिलं. पोर घाबरली.

"मामी, माय काऊन रडून राहिली?"

"तुह्या काकाले एकट्यालेच जा लागलं ना, म्हनून," मी म्हटलं.

पोरीला ते खरं वाटलं. ती विचार करून म्हणाली, "मंग त्याले एक डांगर तरी द्याचं असतं."

नणंदेनं पदर खाली घेतला. डोळे पुसले. जवळच्या ओळीतलं सगळ्यात पिवळं, वास सुटलेलं डांगर तोडलं आणि पोरीच्या दोन्ही हातांत दिलं. "जाय, दे त्याले. पन त्या बाभळीपर्यंतच. तिच्या पुढं नाई जाचं."

पोर "काका, काका" करत धावली. तो थांबला, मागं फिरून बाभळीपर्यंत आला. त्यानं फळ घेतलं, वाकून पोरीशी काही तरी बोलला. आणि पोर परत येऊन पायाशी उभी राहीपर्यंत माझी नणंद रेतीत उभीच होती, एक पाऊल पुढं टाकलेलं, तसंच.